दुसऱ्याच्या लॉगिनवर माझा हात

"कोळणीसारखी काय बसलीयेस? मासळी बाजार आहे का हा?"

सर्जरी शिकवणारे सर हे बोलले तेव्हा माझ्या डोळ्यांवर ऑपरेशनचा सराव करायच्या यंत्राचा चष्मा होता. समोर फक्त आभासी पोट, आभासी पित्ताशय. माणसं दिसत नव्हती. हसणं मात्र ऐकू आलं. आठ-नऊ जणांचं. माझ्याबरोबर सर्जरी शिकणाऱ्या डॉक्टरांचं.

कोळणीसारखी म्हणे! मी कोळीणच आहे. उरणजवळच्या मोऱ्याची. आई पनवेलच्या बाजारात मासळी विकते. तिच्या शेजारी बसून मी सातवीपासून मासे कापलेत. विळीचं पातं जागचं हलत नाही, मासा हलवायचा. तीच सवय हाताला. यंत्रावरही माझी कात्री एका जागी राहायची आणि डावा हात पित्ताशय तिच्यापाशी आणायचा. सरांना ते गावंढळ वाटायचं. यंत्राला नाही. ते दर वेळी मला सगळ्यांत जास्त गुण द्यायचं.

नोटाबंदीच्या पुढच्या वर्षी पनवेलजवळच्या आमच्या कॉलेजात ते यंत्र आलं. आधी त्यावर हात बसवायचा, ज्याचे गुण जास्त त्याला पहिलं खरं ऑपरेशन, असा नियम. ऐकून मी वेड्यासारखी खूश झाले. इथे वशिला चालणार नाही असं वाटलं. काय अक्कल माझी!

प्रत्येकाला स्वतःचं लॉगिन होतं. माझं तीन महिने "होतंय, होतंय". सर म्हणाले, "तोवर निखिलचं वापर." निखिल माझ्याच बॅचचा. खारघरला वडिलांचं हॉस्पिटल. तो यंत्राकडे फिरकायचाच नाही. मी रोज ड्युटी संपल्यावर तासभर बसायचे. मेहनत माझी, गुण त्याच्या नावावर. कळत होतं मला. घरी सांगितलं तर आई म्हणाली, "आमी रोज आयकतो गो बाजारात. भांडून चालायचं नाय. तू गप रा, आदी आपरेशनची डाक्टर हो."

मी निखिलच्याच लॉगिनवर बसत राहिले.

यादी लागली. पहिलं नाव निखिलचं. माझं नावच नाही.

टेबलावर सुकापूरच्या एक मावशी होत्या. पित्ताचे खडे. मी दुर्बिणीचा कॅमेरा धरून उभी. निखिलने नको तिथे चिमटा लावला आणि स्क्रीन लाल झाली. सरांनी त्याला कोपराने बाजूला सारलं, पुढचं सगळं स्वतः केलं. मावशी वाचल्या. दुसऱ्या दिवशी राऊंडला त्यांनी निखिलपुढे हात जोडले. "लय उपकार झाले, डाक्टर."

तो हसला. त्या बाईच्या पोटाशी निखिलला उभं केलं ते माझ्या गुणांनी. माझा अपमान झाला, खरंच. पण गप्प बसून मी तिला फसवलं होतं, ते त्याहून वाईट. शरम वाटली. मग संताप आला. सगळ्यांचा. स्वतःचासुद्धा.

त्याच दुपारी लॅबमध्ये सर म्हणाले, "निखिलची पुढची लेव्हल बाकी आहे. बस, करून टाक."

"नाही."

"काय?"

"माझं लॉगिन द्या. दुसऱ्याच्या नावावर मी बसणार नाही."

सगळी बॅच तिथेच होती. मी एकेकाच्या तोंडाकडे नीट बघितलं. कोणी हसलं नाही. माझ्या बाजूनेही कोणी बोललं नाही. निखिल मोबाईलमध्ये बघत होता.

सर शांतपणे म्हणाले, "परीक्षेला मीच आहे. विसरू नकोस."

नाही विसरले. त्या दिवसापासून मला ना यंत्र, ना ऑपरेशन. ड्रेसिंगं करते. डीनना लेखी तक्रार दिली. कुठल्या दिवशी कोणाच्या लॉगिनवर बसले, सगळं लिहून. उत्तर नाही. दर सोमवारी तीच तक्रार पुन्हा देते, पोच घेते. क्लार्क मला बघूनच वैतागतो. वैतागू दे.

आई अजूनही म्हणते, गप रा. तिच्याशीही आता माझं पटत नाही.

नापास केलं तर पुन्हा बसेन. परत केलं, परत बसेन. पण ज्याला येत नाही त्याला माझ्या गुणांवर कुणाच्याही पोटाशी उभं राहू देणार नाही.