घमेल्यातलं पाणी

खर्डी स्टेशनच्या रस्त्यावर तो पंक्चर काढायचा. मी निवृत्त मास्तर. माझी जुनी सायकल सतत त्याच्याकडे. ट्यूबला भोक उघड दिसत असलं तरी तो आधी हवा भरून ती घमेल्यातल्या पाण्यात धरायचा आणि बुडबुडा येईपर्यंत गप्प राहायचा. मी घाई केली की म्हणायचा, "पाण्यात धरल्याबिगर बोलू नाय, मास्तर."

गेल्या वर्षी त्याचे डोळे पिवळे झाले. काविळीचं झाडपाल्याचं औषध घेऊनही उतरेना, तेव्हा शहापूरला स्कॅन काढला. गावातले इंग्रजी कागद माझ्याकडेच येतात, तसा तोही आला. पित्ताच्या नळीत गाठ आहे, कॅन्सरची शंका, तुकडा तपासून घ्यावा, असं लिहिलं होतं. शंका आणि तुकडा मी गाळले. "कॅन्सर आहे रे," म्हणालो, तेही जाणत्याच्या सुरात.

त्याने कागद घडी करून खिशात ठेवला. दुसऱ्याच दिवशी पंप, पाने, कानस, सगळं आटगावच्या एका पंक्चरवाल्याला देऊन टाकलं. घमेलं तेवढं कुणाला नको होतं.

मुंबईत ऑपरेशन झालं. काढलेली गाठ तपासली, ती साधी निघाली. अशी क्वचितच असते, म्हणे. तो बरा होऊन परतला, पण अवजारं काही मागितली नाहीत. "दिलेला परत मागत नाय," एवढंच. आता वीटभट्टीवर जातो.

परवा माफी मागायला त्याच्या अंगणात गेलो. घमेल्यात कोंबड्या पाणी पीत होत्या. माझं बोलणं संपेपर्यंत तो त्यांच्याकडेच बघत होता. मग हळू म्हणाला, "तुमी पाण्यात धरून बगितला नाय, मास्तर."