उजव्या हातांची तपासणी

कडुबा चितेगावच्या कंपनीत लोडिंगला होता. पैठण रोडवर टेम्पोनं उडवलं आणि उजवा खांदा कामातून गेला. डॉक्टरनं लिहून दिलं, हात छातीच्या वर जाणार नाही. विमा कंपनी म्हणाली, बघू. आणि खरंच बघायला माणूस धाडला!

ऋतुराज त्याचं नाव. कडुबाच्या घरासमोर लिंबाखाली गाडी लावायची, आत बसून मोबाईल रोखायचा आणि कडुबा काही उचलतो का त्याचं चोरून शूटिंग करायचं, हे त्याचं काम. पण गावात अनोळखी माणूस बसून राहिला तर त्याला पाणी विचारतात. शेजारच्या द्वारकाबाईनं पाणी दिलं, भाकरी दिली, गाव विचारलं, लग्न झालं का विचारलं. तिसऱ्या दिवशी पोरानं आपण कशाला आलोय ते सगळं सांगून टाकलं.

"मंग लग्नालाच थांब की," द्वारकाबाई म्हणाली. "कडुबाच्या लेकीचं, संस्कृतीचं हाय परवा. जेवण बी व्हईल, शूटिंग बी व्हईल."

कडुबाला घोर वेगळाच. लेकीच्या डोक्यावर डाव्या हातानं अक्षता टाकायच्या? सोयरे काय म्हणतील? वेल्डिंगवाला इलियास त्याचा लंगोटीयार. त्यानं मांडवात सरळ माईकच हिसकावला. "ऐका! आज समद्यांनी डाव्या हातानं अक्षता टाकायच्या. आपला कडुबाभाई एकटा पडला नाय पायजे."

"शास्त्रात बसत नाही हे," भटजी कुरकुरले.

"त्याचा खांदा बी बसंना ना, महाराज!"

मंगलाष्टकं सुरू झाली. सगळ्या मांडवाचे उजवे हात खाली लोंबत होते आणि डाव्यांना नेम नव्हता. निम्म्या अक्षता भटजींच्या कानात गेल्या. कडुबाला रडू आवरेना. ऋतुराजनं इमानदारीनं सगळं टिपलं.

महिन्यानं पत्र आलं. क्लेम नामंजूर. कारण काय, तर 'उजवा हात न वापरणे ही स्थानिक प्रथा दिसते. अपघाताशी संबंध आढळत नाही.'

कडुबाचं डोकं सटकलं. प्रथा-बिथा काही नाही, बाकी समद्यांचे उजवे हात चालतात, हे सांगायला तो शहरातल्या ऑफिसात धडकला, मागं पाच टेम्पो भरून गाव.

"व्हिडिओतल्या सगळ्यांचे हात चालतात कशावरून?" साहेबानं विचारलं.

"मोजा की मंग!" कडुबा गरजला.

साहेबानं खरंच रांग लावली. पायऱ्यांपासून पार पार्किंगपर्यंत. ऋतुराज शूटिंगला. एकेकानं यायचं, उजवा हात वर करायचा. द्वारकाबाईनं हात साहेबाच्या गालाजवळ नेला. "ह्यो चालतो. लावून दाखवू?"

"नको, नको. पुढचा!"

सगळ्यात शेवटी कडुबा. हात छातीपर्यंत आला आणि अडकला.

"काका, अजून थोडा?" ऋतुराज हळूच म्हणाला.

कडुबानं दात आवळून जोर लावला आणि कळवळून ओरडला. ऋतुराजनं मोबाईल खाली घेतला.

पंधरा दिवसांनी दुसरं पत्र आलं. इलियासनं वाचून दाखवलं, 'एकशे त्र्याऐंशी उजवे हात तपासले. एक निकामी आढळला. क्लेम मंजूर.'

गाव पेढ्यांचं बोलायला लागलं. कडुबा मात्र तणतणतच होता, "एवढंच तर मी पहिल्या दिवशी सांगत होतो!"