मोटेचे बैल आणि मोटारीचं इंजिन

आमच्या सौंसरातले ते संत्र्याचे बागायतदार बोलताना नेहमी समोरच्याचं मनगट धरत. गावातली एकुलती एक दोन आसनी, शर्यतीची जुनी मोटार त्यांच्याकडे होती. विलायतेला परतणारा एक साहेब ती विकून गेला होता. तिच्यात ट्रकचं मोठं इंजिन बसवायचं त्यांच्या डोक्यात आलं.

"काऊन जी?" मी विचारलं.

माझं मनगट धरून ते म्हणाले, "गुरुजी, नागपूर आता दुसऱ्या राज्यात गेलं. तिथवर जायाले जोर नाई लागन का?"

घरामागच्या कडुनिंबाला त्यांनी मोटेचं चाक बांधलं, दोराला इंजिन अडकवलं आणि मोटेचीच बैलजोडी जुंपली. बैल पुढे चालले, इंजिन वर चढलं. बागायतदार मोटारीत वाकून त्याची जागा साफ करू लागले. पण विहिरीवर मोट रिकामी झाली की आपोआप मागे सरायची त्या बैलांची सवय. ते तसेच मागे सरले.

मी ओरडलो. इंजिन धाडकन खाली बसलं. त्यांच्या सदऱ्याची बाही त्याखाली चिरडली होती. हात थोडक्यात वाचला होता.

त्यांनी बाही टरकन फाडली आणि बैलांना गूळ चारला. "त्यायची काय चूक? रोजचंच काम करून राहिले ते."

बैल पुन्हा पुढे गेले, इंजिन पुन्हा वर चढलं. या वेळी त्यांनी मला बैलांसमोर उभं केलं, कासरा हातात दिला आणि सवयीनं मनगट धरलं.

"हात थरथरून राहिला तुमचा," म्हणाले, आणि वर न बघता पुन्हा इंजिनाखाली वाकले.