छातीत म्हणजे नक्की कुठे?

"कार्सिनोमा आहे," डॉक्टर मॅडम म्हणाल्या. "म्हणजे कॅन्सर. पण गाठ लहान आहे."

'पण'च्या पुढचं मला ऐकूच आलं नाही. मी पर्समध्ये रुमाल शोधत राहिले आणि माझ्याऐवजी यांनी मान डोलावली. बाहेर आल्यावर हे म्हणाले, "लहान आहे म्हणाल्या ना." मी खेकसले, "एवढी लहान वाटते तर तुम्हीच घ्या."

नेरुळच्या आमच्या सोसायटीत मी फाटक्या तोंडाची म्हणून प्रसिद्ध आहे. पाण्याच्या टँकरवरून सेक्रेटरीला मी चारचौघांत सुनावलंय. अशा बाईला एक शब्द उच्चारता आला नाही आणि त्यात दीड महिना गेला. तुमचा जाऊ नये म्हणून हे लिहिते आहे.

गाठ मला आंघोळ करताना लागली. डाव्या बाजूला, काखेजवळ, चिंचोक्याएवढी. दुखत नव्हती. दुखत नाही म्हणजे काही नसेल, अशी मी मनाची समजूत घातली. ती साफ चुकीची होती, अशा गाठी सुरुवातीला बहुतेकदा दुखतच नाहीत. तरी धाकधूक होतीच, म्हणून आमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे गेले. मुलगी पाळण्यात होती तेव्हापासूनचे ते आमचे डॉक्टर. त्यांच्यासमोर शब्द जिभेवर येईना. स्तन हा शब्द आपण शाळेच्या पुस्तकात वाचतो, बोलतो कुठे? मी म्हटलं, "डॉक्टर, छातीत डाव्या बाजूला काहीतरी वाटतंय."

त्यांनी लगेच ईसीजी काढला, म्हणजे हृदयाच्या ठोक्यांचा आलेख. तो नॉर्मल आला. मला पित्ताच्या गोळ्या मिळाल्या आणि खरं सांगते, आनंद झाला. गाठीला कुणी हातही लावला नव्हता, तरी मी घरी जाहीर करून टाकलं, छातीचं सगळं चेक झालं, काही नाही. गोळ्या मन लावून घेतल्या. गाठ होती तिथेच होती.

माझी मुलगी सायली ऐरोलीला कंपनीत आहे. एका रविवारी मेथी निवडताना माझा हात सारखा काखेकडे जातोय, हे तिने पाहिलं.

"आई, छातीत म्हणजे नक्की कुठे?"

मी तिचा हात धरून गाठीवर ठेवला. तिचा चेहरा उतरला. "अगं, ही ब्रेस्टमध्ये आहे! याला ईसीजी कशाला?" दुसऱ्या दिवशी तिने सुट्टी टाकली आणि मला वाशीला घेऊन गेली.

आधी मॅमोग्राफी, म्हणजे स्तनाचा एक्स-रे. दोन पाट्यांमध्ये दाबून धरतात, दुखतं, पण लगेच सुटका होते. मग बायोप्सी. त्यात सुईने गाठीचा बारीक तुकडा काढून तपासायला पाठवतात. ते दिवस वाईट. वेटिंग रूममध्ये कुणाचंही नाव पुकारलं तरी मीच उठून उभी राहायची.

निदान झाल्यावर मला एकच टेन्शन होतं. त्या दीड महिन्यात कॅन्सर काखेत तर पसरला नसेल? मॅडमना विचारलं. "ऑपरेशनच्या वेळी काखेतले लिम्फ नोड काढून तपासू," त्या म्हणाल्या. या शरीरातली घाण अडवणाऱ्या छोट्या ग्रंथी असतात, कॅन्सर पसरायला लागला की बहुधा आधी तिथे पोहोचतो. मग त्यांनी विचारलं, "तुमच्या माहेरी, आजोळी कुणाला होता का?" मी ठामपणे नाही म्हटलं.

माझी लम्पेक्टोमी झाली, म्हणजे फक्त गाठ आणि तिच्या भोवतीचा थोडा भाग काढला. काखेतल्या ग्रंथींचा रिपोर्ट येईपर्यंत मी देवाशी भांडले, यांच्याशी भांडले, डब्यातल्या भाताशीही भांडले. मग मॅडम राउंडला आल्या. "काखेत काही नाही. वेळेवर आलात."

वेळेवर! मला हुंदका आवरेना. सायली नसती तर?

माझी आई साताऱ्याकडून मदतीला आली. हात वर होत नव्हता, तीच मला ब्लाउज घालायची. पहिल्याच दिवशी ड्रेसिंगकडे बघत म्हणाली, "अक्काला बी हितंच हुती."

अक्का म्हणजे आईची थोरली बहीण. मावशी छातीच्या दुखण्याने गेली, हे आम्ही लहानपणापासून ऐकत आलो आणि सगळे हार्ट अटॅकच समजत राहिलो.

"आई, तू कधी बोलली नाहीस!"

"बोलले की गं. छातीचं दुखनं म्हनून सारखं सांगत हुते की."

मी तिच्यावर चिडणार होते, पण कुठल्या तोंडाने?

मॅडमना सांगितल्यावर त्या म्हणाल्या, मावशीच्या मुलींना आणि सायलीला तपासून घ्या. बायांनो, तुम्हीही घ्या. पाळी संपल्यावर काही दिवसांनी, पाळी गेली असेल तर महिन्याची एक तारीख ठरवून, आडवं पडून हात डोक्यामागे घ्या आणि बोटांच्या पेरांनी काखेपर्यंत सगळीकडे चाचपा. गाठ, खळगा, आत ओढलेलं किंवा पाझरणारं बोंड, काहीही नवीन दिसलं की डॉक्टरांकडे जा. वयानुसार मॅमोग्राफी कधी करायची तेही विचारा, नुसत्या चाचपण्यावर राहू नका. आणि गाठ कुठे आहे ते तिच्या नावानिशी सांगा.

मावशीची धाकटी मुलगी सुनंदा गावाकडे असते. तिला फोन लावला.

"ताई, हळू बोल, मामंजी बसल्यात हितं."

"बसू देत. सुनंदा, तुझ्या आईला हार्टचं काही नव्हतं. तिला स्तनाचा कॅन्सर होता."

मग ती म्हणाली, "ताई, मी यिऊ का तिकडं? मला बी दाखवायचं हाय."