सीलबंद डब्याची आयुधपूजा

जुन्या व्हिडिओ गेम्सबद्दल लिहितोय म्हटल्यावर तुम्ही उसासा टाकायची तयारी केली असेल. आता हा लहानपणात शिरणार, सुट्ट्या, भावंडं, टीव्हीसमोरची मारामारी, शेवटी डोळ्यांत पाणी. सॉरी. उदगीरला आमच्या अख्ख्या गल्लीत एकच व्हिडिओ गेम होता. तो हेडमास्तरांच्या मुलाचा, आणि मला त्यात एकच काम होतं. कॅसेट अडकली की फुंकर मारायची. जॉयस्टिक कधी हाताला लागली नाही. या क्षेत्रात मी फुंक्या म्हणूनच आलो. आणि शेवटी एखादी कॅसेट लाखोंना विकली जाईल असं वाटत असेल, तर तेही सोडा.

आता मी बंगळुरात, बनशंकरीत वरच्या मजल्यावर भाड्यानं राहतो. दिवसा ऑफिस, बाकी वेळ जुने गेम्स. या धंद्याचा हिशोब असा आहे: सुटी कॅसेट, भाव किरकोळ. डब्यासकट असेल तर बरा. आणि डब्यावरचं प्लास्टिक कंपनीनं चिकटवलं तसंच असेल, तर वेड्यासारखा. म्हणजे ज्याच्याशी कुणी कधी खेळलंच नाही, तो गेम सगळ्यात महाग. मला हे पटायला वर्ष गेलं. आईला अजून पटलेलं नाही. ती फोनवर म्हणते (तिचा आवाज मी फार छान काढतो, इथं नाइलाज आहे), "इंजिनिअर झालास ना? मग गोळा कर भंगार!"

माझ्याकडे सीलबंद असा एकच डबा होता. चिकपेटमधल्या एका खेळण्यांच्या दुकानाच्या पोटमाळ्यावर सापडलेला. इंदिरानगरचा एक गिऱ्हाईक तो घ्यायला तयार होता. पैसे आले की त्याचा स्क्रीनशॉट आईला पाठवायचा आणि खाली एकच शब्द लिहायचा, "भंगार". बस, एवढ्यासाठी मी जगत होतो.

गिऱ्हाईकानं सुट्टीचा दिवस निवडला. तो निघाला खंडेनवमीचा.

या गावात त्या दिवशी बसपासून मिक्सरपर्यंत सगळ्याला कुंकू लागतं. खाली घरमालकीण राहतात, त्यांना सगळे अक्का म्हणतात. कितीतरी पिढ्यांपासून इथलं मराठी घर, त्यामुळे बोलता बोलता कन्नड कधी सुरू होतं ते त्यांनाही कळत नाही. सकाळीच त्यांनी हाक मारली, "तुझं आयुध काय असेल ते आण रे खाली!"

मी भटजींच्या आवाजात मंत्र म्हणत माझा टीव्हीला लावायचा गेम आणि दोन्ही जॉयस्टिक नेऊन ठेवल्या.

"सगळं आणलंस ना? एक जरी राहिलं तरी ते रुसतं बघ."

"सगळं आणलं, अक्का," म्हणालो आणि आंघोळीला गेलो.

एकट्या राहणाऱ्या पोराच्या शब्दावर अक्कांचा विश्वास नाही. त्या वर येऊन बघून गेल्या. कपाटात एक डबा धुतलेल्या पंच्यात गुंडाळलेला. माझ्या घरात इतकं जपलेलं दुसरं काहीच नव्हतं, तेव्हा त्यांना वाटलं, मुख्य आयुध हेच.

मी खाली आलो तर हॉलमध्ये मिक्सर, शिलाई मशीन, अडकित्ता, आणि मधोमध पाटावर माझी कॅसेट. उघडी. वर हळद, कुंकू, शेवंतीचं फूल.

"प्लास्टिकला कुंकू लावून काय उपयोग?" अक्का म्हणाल्या. "आतल्याला कळायला नको?"

माझ्या तोंडून जो आवाज निघाला तो मी आजवर कुणाचाच काढलेला नाही.

तेवढ्यात बेल वाजली. गिऱ्हाईक. मूळचा पुण्याचा, हातात पांढरे हातमोजे, खिशात भिंग आणि बारका टॉर्च.

"ब्रो, सील कुठंय?"

मी लिलाव पुकारणाऱ्याचा आवाज लावला. "सर, सीलबंद जगात छप्पन्न सापडतील. पूजा झालेला एकच!"

तो खरंच विचारात पडला. भिंग लावून वाकला. "हा यलो डाग?"

"हळद ती," अक्का म्हणाल्या.

"आणि स्लॉटमध्ये काय आहे?"

"अक्षता."

"ॲटलीस्ट चालतो का बघू. लावा ना."

मी हात पुढे केला तसा अक्कांनी हातातला चमचा माझ्या मनगटावर हाणला. "आज आयुधाला विश्रांती! उद्या दसऱ्याला उचलायचं." मग त्या त्याच्याकडे वळल्या. "हे भिंग तुझं काय काम करतं?"

"ह्याच्याशिवाय मी डीलच करत नाही, काकू."

"मग आयुधच की." भिंग पाटावर गेलं. मागोमाग टॉर्च, मोजे.

"भाव कशात बघतोस?"

"फोनमध्ये," तो खरं बोलला आणि फसला. फोनवर ठसठशीत कुंकू आलं. मग गाडीची किल्ली. पुण्याचा असला तरी पूजेतली वस्तू उचलायची त्याची छाती होईना. दोघंही मांडी घालून होळिगे, म्हणजे इथली पुरणपोळी, खात आपापल्या मालाकडे बघत बसलो. बाहेर त्याच्या गाडीच्या चाकाखाली लिंबं ठेवून अक्का परत आल्या आणि त्याला मेट्रोसाठी सुट्टे पैसे दिले.

दारात तो म्हणाला, "उद्या फोन न्यायला येतो. पण ब्रो, सील नाही तर इंटरेस्ट नाही."

आईचा स्क्रीनशॉट तिथंच वारला.

मी पाटाजवळ येऊन पुटपुटलो, "अक्का, उघडला नसता तर भाव आला असता हो."

"कसला भाव? खेळला नाहीस, पुसला नाहीस, कुणाला दाखवला नाहीस, कपाटात कोंडून ठेवलास. भूक लागली की ताटही असंच झाकून ठेव, संध्याकाळपर्यंत भाव येईल!"

मला गप्प बसता येत नाही. मी त्यांच्याच आवाजात, नाकातून, म्हणालो, "अय्यो, आणि तुमच्या टीव्हीच्या रिमोटचं प्लास्टिक कधी काढणार?"

आणि मग सुरू झालं.

"माझ्याच घरात माझा आवाज काढतोस? लाज नाही वाटत? आणि रिमोटचं काय सांगतोस मला? रोज दाबते मी तो! प्लास्टिकवरून दाबते, पण दाबते! आणि 'अय्यो' मी असं म्हणत नाही, सर्दी झाल्यासारखं. उद्या सकाळी आंघोळ करून खाली यायचं, ते तुझं आयुध टीव्हीला लावायचं आणि माझ्यासमोर बसून खेळायचं. सरी? कळलं ना? आणि हरलास तर बघ!"