आज सर वारले आहेत

"सर्व संबंधितांना अत्यंत दुःखाने कळविण्यात येते की, आपल्या इस्पितळाचा सर्व्हर सांभाळणारा इसम आज सकाळी साडेदहा वाजता वारला आहे. त्यास कोणीही काहीही विचारू नये. चहा मात्र वेळेवर पाठवावा."

ही सूचना दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी आमच्या फलकावर लागे आणि खाली सही खुद्द मयताची असे. सही झाली की सर सायकल स्टँडजवळच्या बाकावर जाऊन बसत, डोळे मिटत आणि संध्याकाळपर्यंत इमानदारीनं मेलेले राहत.

तुम्ही म्हणाल, हा काय चावटपणा. मंडळी, आम्हीही तेच म्हणालो होतो.

गोंदियातल्या आमच्या या लहानशा इस्पितळात सिकलसेलचे पेशंट फार. कोणाला कोणतं रक्त दिलं, कोणतं सोसलं नाही, याची वर्षानुवर्षांची नोंद एका युनिक्स सर्व्हरमध्ये. तो गेला की ती गेली. म्हणून सर दर आठवड्याला तिच्या दोन प्रती काढत. एक डिस्क सर्व्हरशेजारी राही. दुसरी स्टीलच्या डब्यात बसून सरांच्या मोटारसायकलवरून इथल्याच, गोंदियाजवळच्या गोरेगावला त्यांच्या घरी जाई आणि धानाच्या कोठीमागच्या फळीवर मुक्काम करी.

पण नुसत्या प्रतीवर त्यांचा भरवसा नव्हता. "बॅकअप घेतला असं मले सांगू नका," ते म्हणत. "परत आणून दाखवा."

तर सरांच्या मरणाच्या दिवशी स्टोअरमधल्या एका जुन्या मशीनवर सगळी नोंद परत उभी करायची, तीही फक्त त्यांच्या हाताच्या वहीवरून. कोणी? रक्तपेढीच्या मेश्रामबाईंनी आणि मी. बाई सुई टोचण्यात पटाईत, मी रेकॉर्ड रूममध्ये गप्पा मारण्यात. कॉम्प्युटर आम्हा दोघांनाही परका. सरांनी मुद्दाम असेच दोघे निवडले होते.

"सर, सातव्या पानावर अडलो जी."

"मेलेल्याले काऊन विचारून राहिल्या, बाई?"

"एका शब्दाचं काम आहे."

"मेल्यावर अर्धाही निघत नाही."

संध्याकाळी जिवंत झाले की सर सातवं पान फाडत आणि नव्यानं लिहीत. आम्हाला कधी बोलले नाहीत. "चूक वहीची हाय, बाईची नाही."

एकदा तर चार आठवडे प्रती काढूनही डिस्क कोरीच निघाली. वायर लागलेली होती, पण सर्व्हरनं डिस्कला ओळखलंच नव्हतं. तो बिचारा आपली प्रत आपल्याच पोटात ठेवत बसला होता. सर त्या दिवशी जेवले नाहीत. वहीच्या पहिल्या पानावर त्यांनी लिहिलं, "आधी डिस्क दिसते का पाहा. दिसते असं समजू नका. पाहा."

आमचे मॅनेजर एकदा बाकापाशी थांबून म्हणाले, "अरे भाई, हर महीने मरते हो. एक बार में निपटा क्यों नहीं देते?"

सरांनी डोळे न उघडता उत्तर दिलं, "प्रॅक्टिस चल रही है, साहब."

आम्ही पोट धरून हसलो. ते तेव्हा महिन्यातून दोनदा "कामासाठी" नागपूरला जात. काम कोणतं, हे आम्ही विचारलं नाही. मागच्या हिवाळ्यात ते नागपूरच्या दवाखान्यातून परत आलेच नाहीत.

त्यानंतर पाचव्या दिवशी गेलेली वीज आली ती जास्तच जोरानं आली. सर्व्हर जळला, शेजारची डिस्कही जळली. वॉर्डात दवनीवाड्याची एक तरुण बाई होती, तिला रक्त लागत होतं. मागे एकदा रक्त चढवताना ती मरता मरता वाचली होती, एवढंच तिच्या आईला आठवत होतं. कार्ड हरवलेलं.

वहीत लिहिलं होतं, "दुसरी डिस्क माझ्या घरी. फोन करा. घरी माहीत आहे."

मी फोन केला. कसा केला ते विचारू नका. तासाभरात सरांच्या पत्नी, आमच्या वहिनी, स्वतः आल्या, दिराच्या मोटारसायकलवर, डबा मांडीवर धरून. स्टोअरमध्ये एका स्टुलावर बसल्या.

मी वही वाचत गेलो, मेश्रामबाई बटणं दाबत गेल्या. खोटं कशाला सांगू, मी प्रत्येक ओळीला अडायची वाट पाहत होतो. कुठेतरी एक शब्द कळू नये, एखादं पान राहून गेलेलं असावं. पण जिथं जिथं आम्ही कधी चुकलो होतो, तिथं तिथं सरांनी आधीच हात धरून ठेवला होता. सातवं पान तर आलं आणि गेलं.

दवनीवाड्याच्या बाईचं नाव पडद्यावर आलं. खाली कोणतं रक्त टाळायचं तेही आलं. मेश्रामबाई धावत गेल्या, योग्य रक्ताची पिशवी लावून परत आल्या आणि दारातच उभ्या राहिल्या.

वहिनींनी रिकामा डबा पदरानं पुसला. हळूच म्हणाल्या, "त्यायले विचारा लागलं असतं, असं काही राहिलं तं नाही ना?"

मी मान हलवली. काही राहिलं नव्हतं.

आणि मेश्रामबाई एकदम बोलून गेल्या, "इतकं बराबर कायले लिहून ठेवलं जी त्यायनं? एक तरी गोष्ट सुटाले पायजे होती."