बकुळीची ओट्याकडची बाजू

कपाटातल्या साडीच्या घडीतून सुकलेली बकुळफुलं घरंगळली, की ट्रेलरवर निजून निघालेली आमची बकुळ मला दिसते. रस्ता रुंद होणार म्हणून वाडीतलं ते जुनं झाड राजोडीला हलवायचं ठरलं होतं. झाड हलवणाऱ्या मुकादमाने आधी खोडाच्या पूर्वेला चुन्याचा पट्टा ओढला. नव्या जागीही सकाळचं ऊन त्याच अंगाला लागायला हवं, म्हणाला. मग मुळांभोवतीचा मातीचा गड्डा गोणपाटात बांधून क्रेनने झाड अलगद उचललं. ट्रेलर इतका हळू चालला होता, की आई वाटभर ट्रेलरमागे आलेल्या बकुळीच्या फांद्यांच्या सावलीतून चालली आणि फुलं तिच्या केसांत पडत राहिली. राजोडीला पट्टा पूर्वेला धरून झाड उभं केलं, पाणी सोडलं. आई पट्ट्याकडे बघत म्हणाली, "ही बाजू आमच्या ओट्याकडं होती. आता हिच्यासमोर कोन बसनार?" मुकादम म्हणाला, "काकी, तुम्हीच बसा की." आई खरंच बसली, ऊन उतरेपर्यंत. आता आई नाही, पट्टाही केव्हाच धुऊन गेला. पण राजोडीला गेले, की मी झाडाच्या पूर्वेला जाऊन बसते. ओट्यावर कुणीतरी असलेलं बरं.